खाणीतला पक्षी आमच्या घरी

आमच्या घरात आजवर कुणी पक्षी पाळला नव्हता. खरे सांगायचे तर आमच्या घरातून आजवर कुणी कॉलेजातही गेले नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, आणि दुसरी घडली नसती तर पहिलीही घडली नसती.

त्याचे असे झाले. मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला असताना इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर एक वाक्प्रचार लिहिला. ‘कोळशाच्या खाणीतली कॅनरी’ असा त्याचा सरळ अर्थ. येणाऱ्या संकटाची चाहूल जे सर्वांत आधी देते, त्याला इंग्रजीत असे म्हणतात. पूर्वी विलायतेतील कोळसा खाणींत मजूर पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी घेऊन उतरत. हवेत विषारी वायू असला तर माणसाआधी पक्षी कोलमडे आणि माणसांना बाहेर पळायला अवधी मिळे. सरांनी पाच मिनिटांत हे सांगितले आणि ते पुढच्या वाक्प्रचाराकडे वळले. मी मात्र तेथेच अडकले. कारण माझे बाबा कोळशाच्या खाणीत काम करतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खाणीच्या वसाहतीत आम्ही राहतो. बाबा सव्वीस वर्षे भूमिगत खाणीत उतरत आहेत. खाणीच्या छताला टेकू देण्याचे त्यांचे काम. त्यांना ‘टिंबरमन’ म्हणतात. संध्याकाळी मी त्यांना वर्गातली गोष्ट सांगितली. मला वाटले होते, आज मी बाबांना काही नवीन सांगणार. पण ते शांतपणे म्हणाले, “हे तर आमाले ट्रेनिंगमंदी सांगतलं होतं. आपल्याकडं मुनिया घेऊन जात.” आपल्या देशातील खाणकामाच्या पुस्तकांतही कॅनरीबरोबर मुनिया या चिमुकल्या पक्ष्याचे नाव येते, हे मला नंतर समजले. बाबांना ते आधीपासून ठाऊक होते. मी कधी विचारले नव्हते, एवढेच.

त्या दिवसापासून कॅनरीने माझ्या मनात घर केले. ग्रंथालयातून मिळाली ती माहिती मी वाचून काढली. वसाहतीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन माझ्याजवळ थोडे पैसे साठले होते. दिवाळीच्या सुटीत मी कॅनरी आणायचे ठरवले. त्यानंतर जे झाले त्यात माझ्या चुका बऱ्याच आहेत. त्या लपवून नुसती माहिती लिहिली तर तिचा वाचकांना फारसा उपयोग होणार नाही, म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

आधी या पक्ष्याची थोडी ओळख. कॅनरी हा मूळचा अटलांटिक महासागरातील बेटांवरचा रहिवासी. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळची कॅनरी बेटे, मदेरा आणि अझोर्स ही त्याची मायभूमी. पुष्कळांना वाटते की पक्ष्यावरून बेटांना नाव पडले. खरा प्रकार उलटा आहे. बेटांचे नाव लॅटिन भाषेतील ‘कॅनिस’ म्हणजे कुत्रा या शब्दावरून आले असे मानतात, आणि बेटांवरून पक्ष्याला नाव मिळाले. पंधराव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ही बेटे जिंकली आणि तेथील गाणारा पक्षी युरोपात गेला. रानातला मूळ कॅनरी पिवळाधमक नसतो. तो हिरवट-पिवळा असून अंगावर तपकिरी रेघा असतात. आपण पाहतो तो पिवळा रंग माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून आणलेला आहे. तांबूस कॅनरीही मिळतात. विसाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतल्या एका तांबड्या पक्ष्याशी संकर करून जर्मनीत त्यांची पैदास सुरू झाली.

जर्मनीतील हार्ट्‌स पर्वतात सांक्ट आंद्रेआसबर्ग नावाचे गाव आहे. तेथे चांदीच्या खाणी होत्या. त्या गावातील खाणकामगारांची कुटुंबे एकोणिसाव्या शतकात कॅनरी वाढवीत, त्यांच्यासाठी लाकडाचे छोटे पिंजरे करीत आणि पक्षी परदेशी विकून चार पैसे मिळवीत. चोच जवळजवळ मिटलेली ठेवून मऊ, घोळदार आवाजात गाणारी ‘हार्ट्‌स रोलर’ ही जात त्यांनीच नावारूपाला आणली. हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. म्हणजे विलायतेत कॅनरी खाणीत उतरण्याच्या आधीपासूनच तो खाणकामगारांच्या घरी राहत होता!

दिवाळीनंतर मी आणि बाबा एस. टी.ने नागपूरला गेलो. तेथे एक गृहस्थ घरीच कॅनरींची पैदास करतात, असे माझ्या मैत्रिणीकडून कळले होते. आम्ही तेथे तासभर बसलो. कॅनरीत नर गातो. मादी किलबिलते, क्वचित थोडेसे गुणगुणतेही, पण लांब तानांचे गाणे नराचेच. दिसायला मात्र दोघे इतके सारखे, की नुसते पाहून नवख्याला फरक कळत नाही. म्हणून गाण्यासाठी पक्षी घ्यायचा असेल तर तो गाताना आपल्या कानांनी ऐकावा आणि मगच पैसे द्यावेत. निरोगी पक्ष्याची पिसे अंगाला चापून बसलेली असतात, डोळे टपोरे आणि स्वच्छ असतात, शेपटीखालची पिसे घाणेरडी नसतात. तो चोच मिटून श्वास घेतो. पक्षी अंग फुलवून बसला असेल, श्वासाबरोबर त्याची शेपटी खालीवर होत असेल किंवा श्वासाला टिकटिक आवाज येत असेल, तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

पंधराशे रुपयांना आम्ही एक पिवळा नर घेतला. वजन म्हणाल तर वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आईच्या हळदीच्या डबीतल्या दोन-चार चमच्यांएवढे. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो साडेतीन तासांचा प्रवास करून आला. अंधाऱ्या छोट्या खोक्यात पक्षी शांत राहतो, मोठ्या पिंजऱ्यातून नेला तर घाबरून आदळआपट करतो. बसमध्ये बाबांनी ते खोके पूर्ण वेळ मांडीवर धरले होते. शेजारच्या प्रवाशाने “मिठाई का?” म्हणून विचारले तेव्हा बाबा नुसते हसले.

त्याचे नाव आम्ही सोन्या ठेवले.

आता पिंजऱ्याविषयी. बाजारात घुमटाचे गोल पिंजरे मिळतात. ते दिसतात सुंदर, पण पक्ष्याच्या काही कामाचे नसतात. कॅनरी पोपटासारखा गजांवर चढत नाही. तो या दांडीवरून त्या दांडीवर उडतो. त्यामुळे पिंजरा उंच नको, लांब हवा. निदान दोन फूट लांबीचा घ्यावा, त्याहून मोठा मिळाला तर फारच चांगले. गजांतील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावे, नाही तर डोके अडकते. बसायला एकसारख्या गुळगुळीत दांड्या न लावता पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या स्वच्छ धुतलेल्या, कमीजास्त जाडीच्या फांद्या लावाव्यात. त्याने पायांना व्यायाम होतो आणि तळव्यांना फोड येत नाहीत. तळाशी रोज वर्तमानपत्राचा नवा कागद घालावा. पक्ष्याची विष्ठा त्यावर नीट दिसते, आणि तिच्यात बदल झाला तर आजाराचा सुगावा आधीच लागतो. कागद बदलल्यावर हात साबणाने धुवावेत, हे सांगायला नकोच.

पिंजरा कोठे टांगावा, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, एका बाजूला भिंत असेल असा. सकाळचे कोवळे ऊन मिळावे, पण पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत असावा. थेट वाऱ्याचा झोत नको. मांजराची वाट नको. आणि स्वयंपाकघर तर मुळीच नको. हा शेवटचा नियम मी वाचला होता, पण त्याच्यामागचे कारण मनावर घेतले नव्हते. आमच्या क्वार्टरला दोनच खोल्या आणि एक लहानसे स्वयंपाकघर. पिंजरा मी पुढच्या खोलीत टांगला आणि नियम पाळला, अशी समजूत करून घेतली.

खाण्याच्या बाबतीत आईने मला वाचवले. कॅनरीचे मुख्य अन्न म्हणजे कॅनरी गवताचे बी. ते पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्या दुकानात मिश्रणात मिळते. त्यात आपल्याकडचा राळा आणि थोडेसे कारळे मिसळता येते. कारळ्यात तेल फार, म्हणून ते चवीपुरते. दिवसाला साधारण चमचा-दीड चमचा दाणे पुरतात. चौथ्या दिवशी मी वाटी पाहिली, ती भरलेली होती. “आज याला भूक नाही,” असे मी म्हटले. आईने वाटीवर हळूच फुंकर मारली. सगळी टरफले उडाली आणि तळाशी मोजून सात-आठ दाणे राहिले! कॅनरी प्रत्येक दाणा सोलून खातो आणि टरफल तेथेच टाकतो. वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी राहतो. जन्मभर सुपात धान्य पाखडणाऱ्या आईला ते एका नजरेत कळले, पुस्तक वाचून आलेल्या मला कळले नव्हते.

दाण्यांबरोबर रोज थोडा हिरवा पाला हवा. कोथिंबीर, मेथी, पालकाचे एखादे पान स्वच्छ धुऊन द्यावे. किसलेले गाजर, बिया काढलेले सफरचंद चालते. मीठ घातलेले, तळलेले, गोड असे आपल्या ताटातले काहीही देऊ नये. चॉकलेट आणि अ‍ॅव्होकाडो पक्ष्यांना विषासारखे आहेत. चुन्याची गरज भागवण्यासाठी पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवावा. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. पाणी रोज बदलावे. आठवड्यातून दोन-तीनदा पसरट बशीत बोटाच्या पेराएवढे पाणी ठेवावे. कॅनरीला आंघोळीची भारी हौस! सोन्या पहिल्यांदा आंघोळीला उतरला तेव्हा माझी इतिहासाची वही भिजली, आणि आई कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसली.

दहा-बारा दिवसांनी तो गाऊ लागला. पहाटेच्या पाळीवरून, म्हणजे रात्रभर खाणीत काम करून बाबा घरी येत, तेव्हा पूर्वी ते आंघोळ करून लगेच झोपत. आता ते चहाचा कप घेऊन पिंजऱ्यासमोर दहा मिनिटे बसू लागले. एकदा म्हणाले, “खाली कोनताच पाखरू बोलत नाही.” बाबा आपल्या कामाविषयी घरी फारसे बोलत नाहीत. ते एवढे बोलले, याचेच मला नवल वाटले.

आता त्या रात्रीचे सांगते.

जानेवारीचा महिना होता. थंडीची लाट आली होती. गावाहून आजी आलेली, तिला खोकला झालेला. आमच्याकडे स्वयंपाक गॅसवर होतो, पण थंडीत शेकायला कोळशाची शेगडी पेटवतात. वसाहतीत घरोघरी तीच रीत आहे. शेगडी अंगणात पेटवायची, धूर गेला आणि कोळसा लालबुंद झाला की घरात आणायची. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे आम्ही सगळेच समजत होतो. त्या रात्री आजीसाठी शेगडी मधल्या खोलीत आणली. दार लावले, खिडकी लावली. खिडकीच्या फटीत मी स्वतः गोणपाट कोंबले. आणि सोन्याला थंडी वाजेल म्हणून पुढच्या खोलीतला पिंजरा काढून मीच त्या खोलीत आणून ठेवला.

माझी परीक्षा जवळ आली होती. आजी झोपली आणि मी दिव्याखाली वाचत बसले. अकराच्या सुमारास डोके जड झाले. वाचून वाचून झाले असेल, असे वाटले. एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते. तेवढ्यात टप् असा बारीक आवाज आला. पाहिले तर सोन्या दांडीवरून खाली पडला होता.

मी ओरडले. बाबांची त्या दिवशी सुटी होती, ते पुढच्या खोलीत झोपले होते. ते दार ढकलून आत आले. पिंजऱ्यात पडलेला पक्षी त्यांनी पाहिला आणि क्षणभरही न थांबता खिडकीतले गोणपाट ओढून काढले. मी पिंजऱ्याचे दार उघडत होते. बाबा ओरडले, “पाखराले मंग पाहू! आजीले आधी बाहेर काढ!” त्यांनी आजीला उचलून ओसरीवर नेले, परत येऊन शेगडी चिमट्याने उचलून अंगणात फेकली. उठताना माझे पाय लटपटत होते. ओसरीवर आजीला दोनदा उलटी झाली. रात्रीच तिला दवाखान्यात नेले. तेथे तिला प्राणवायू दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती बरी होऊन घरी आली.

सोन्या मात्र गेला. मी परत आले तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. त्यांच्या ओंजळीत तो होता.

त्या रात्री आमच्या खोलीत जो वायू साठला होता तो कार्बन मोनॉक्साइड. कोळसा पुरेशा हवेवाचून धुमसतो तेव्हा तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि झोपेतच माणूस जातो. धूर तरी डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो. लाल निखारा काहीच सांगत नाही.

मग पक्ष्याला ते आधी का कळते? कळते म्हणणे तितकेसे बरोबर नाही, त्याला ते आधी बाधते. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांशिवाय हवेच्या पिशव्या असतात. त्यामुळे श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते. उडण्यासाठी भरपूर प्राणवायू लागतो, म्हणून निसर्गाने ही सोय केली आहे. त्यातून जीव लहान, हृदयाचे ठोके फार जलद. चांगली हवा जितक्या लवकर त्याच्या रक्तात जाते तितक्याच लवकर वाईटही जाते.

जॉन स्कॉट हाल्डेन नावाचे स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ होते. खाणीतील स्फोटांत माणसे कशाने मरतात याचा त्यांनी अभ्यास केला. पुष्कळ मजूर स्फोटाच्या तडाख्याने नव्हे, तर स्फोटानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी 1896 सालच्या अहवालात दाखवून दिले. लहान प्राणी बरोबर नेण्याची कल्पना त्यांचीच. पुढे विलायतेतील खाणींत कॅनरी नेण्याची पद्धत रूढ झाली. तेथे एक विशेष पिंजराही वापरीत. त्याच्या माथ्यावर प्राणवायूची लहान नळकांडी असे. पक्षी कोलमडला की पिंजऱ्याचे दार बंद करून नळकांडी उघडायची, म्हणजे पक्षी शुद्धीवर येई. 1986 साली इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर तेथील खाणींतून उरलेल्या दोनशेहून अधिक कॅनरींना निवृत्त करण्याचा निर्णय झाला.

त्या पिंजऱ्याविषयी वाचताना मला थांबावे लागले. खाणीत उतरणाऱ्या माणसांनी पक्ष्यालाही परत आणण्याची तजवीज केली होती. मी, जिने त्याला हौसेने घरी आणले, तिने काय केले होते?

शेजारीपाजारी म्हणत, “पाखराने तुमच्यासाठी जीव दिला.” त्यांचा हेतू चांगला होता. पण मला ते पटत नाही. सोन्याने काही दिले नाही. तो त्याच्या दांडीवर झोपला होता. त्या खोलीत त्याला मी नेऊन ठेवले होते आणि फटीत गोणपाटही मीच कोंबले होते. त्याच्या मरणाला त्यागाचे नाव दिले म्हणजे माझी चूक झाकली जाते, एवढेच.

नंतर आई एक गोष्ट बोलली, ती माझ्या मनातून जात नाही. दरवर्षी थंडीत सकाळी तिचे डोके दुखे. “थंडीचंच दुखते,” असे ती समजे. गेल्या कित्येक हिवाळ्यांत आम्ही तीच शेगडी घरात आणत होतो. बाबा खाणीत हवेची परीक्षा झाल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. घराच्या हवेची परीक्षा करावी, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आले नव्हते.

त्या दिवसापासून शेगडी घरात आली नाही. बाबांनी मधल्या खोलीत छताजवळ झरोका पाडून घेतला. डासांची अगरबत्ती बंद झाली, त्याऐवजी मच्छरदाणी आली. देवाजवळची उदबत्ती आई आता अंगणातल्या तुळशीपाशी लावते. बाबांची बिडी ओसरीवर गेली. ती अजून सुटलेली नाही, पण उंबऱ्याच्या आत येत नाही. चिकटू नये म्हणून लेप दिलेला तवा आम्ही घेणार होतो, तोही बेत रद्द केला. असा तवा रिकामा, फार तापला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेने पक्षी मरतात.

एवढे सगळे झाल्यावर पाऊस सुरू झाला, उकाडा उतरला, आणि जुलैत एक दिवस बाबा आपण होऊन म्हणाले, “नागपूरले कधी जायचं?” मला पुन्हा पक्षी आणायचा धीर होत नव्हता. पण ते म्हणाले, “आता घर झालं आहे त्याच्याजोगं.”

दुसरा कॅनरी आला. त्याला आई राजा म्हणते. आल्यावर थोडे दिवस तो गायला आणि ऑगस्टमध्ये एकदम गप्प झाला. पिंजऱ्याच्या तळाशी पिसे पडू लागली. माझ्या पोटात गोळा आला. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे धावले. त्यांनी पक्षी पाहिला आणि सांगितले, “आजार नाही, पिसे बदलतो आहे.” कॅनरी वर्षातून एकदा, विणीचा हंगाम संपल्यावर जुनी पिसे टाकतो. त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. सगळी शक्ती नवी पिसे घडवण्यात जाते आणि गाणे थांबते. या दिवसांत त्याला अधिक पौष्टिक अन्न हवे. आम्ही उकडलेल्या अंड्याचा थोडा चुरा देत होतो. शांतता हवी, आणि झोपही हवी. एरवीसुद्धा कॅनरीला रात्री दहा-बारा तास अंधार लागतो. रात्री उशिरापर्यंत दिवा जळत राहिला तर त्याचे ऋतूंचे गणित बिघडते आणि तो अवेळी पिसे टाकतो. म्हणून आता मी रात्रीचा अभ्यास त्याच्या खोलीत करत नाही. संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत तेथेच बसते. पिंजऱ्यावर आई सात वाजता जुन्या लुगड्याचा धडपा टाकते.

पिसे बदलण्याच्या या मौनाविषयी मी एक नवलाची गोष्ट वाचली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील फर्नांडो नोटेबोम या शास्त्रज्ञाने कॅनरीच्या मेंदूचा अभ्यास केला. गाण्याशी संबंध असलेले मेंदूचे भाग वसंतात वाढतात आणि पुढे हंगाम सरला की आक्रसतात, असे त्यांना आढळले. प्रौढ पक्ष्याच्या मेंदूत नव्या पेशी तयार होतात, हेही त्यांनी 1980 च्या दशकात दाखवले. प्रौढ मेंदूत नवी पेशी येत नाही, या त्या काळच्या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. कॅनरी दरवर्षी आपल्या गाण्यात नवे तुकडे जोडतो, जुने काही गाळतो. म्हणजे गप्प बसलेला पक्षी गाणे विसरलेला नसतो. राजा ऑक्टोबरच्या अखेरीस हळूहळू गुणगुणू लागला आणि डिसेंबरात पुरता गाऊ लागला. बाबा म्हणतात, आधीच्यापेक्षा तान लांब झाली आहे. त्यांचा कान यंत्रांच्या आवाजाने थोडा कमी झालेला आहे, तरी मी त्यांच्यावर विश्वास ठेवते.

आजीचा मात्र आक्षेप कायम आहे. “कोंडून ठेवल्यानं पाप लागते. सोडून दे,” असे ती म्हणते. तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या रानातले पोपट, मुनिया, मैना असे पक्षी पकडणे, विकणे आणि पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. त्यांचे घर रान आहे. पाळीव कॅनरी परदेशी असून शेकडो वर्षे पिंजऱ्यात वाढलेल्या पिढ्यांचे संतान आहे. येथे सोडला तर त्याला दाणा शोधता येणार नाही, ऊन सोसणार नाही, कावळा-शिक्रा त्याला ओळखीचा नाही. त्याला सोडणे म्हणजे मारणेच. पण एवढे सांगून आपण मोकळे होत नाही. त्याला सोडता येत नाही, म्हणूनच त्याचा सगळा भार आपल्यावर येतो.

तेव्हा ज्यांना कॅनरी आणावासा वाटत असेल त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. पक्षी पाहायला जाण्याआधी आपले घर पाहा. खोलीत हवा खेळते का? रात्री अंधार आणि शांतता असते का? धूर, उदबत्ती, अत्तराचे फवारे, बिडी यांतले काय थांबवायला घरची माणसे तयार आहेत? कॅनरी नीट ठेवला तर दहा वर्षे जगतो. या दहा वर्षांत तुमचे शिक्षण संपेल, कदाचित नोकरीसाठी गाव सुटेल, मग त्याच्या वाटीवर फुंकर कोण मारील? दोन नर एका पिंजऱ्यात ठेवू नका, ते भांडतात. एकटा नर सुखाने राहतो आणि गातोही. त्याला सारखे हातात घेऊ नका, त्याला ते आवडत नाही. तो अंग फुलवून तळाशी बसला तर ‘उद्या पाहू’ म्हणू नका. एवढ्या लहान जिवाला उद्या फार लांब असतो. त्याला उबेत ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

हे लिहिताना फेब्रुवारी संपत आला आहे. आमच्या चंद्रपूरचा उन्हाळा सर्वांना माहीत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि राजाचा आमच्याकडचा तो पहिलाच उन्हाळा असेल. कूलरचा झोत त्याच्यावर येऊ नये म्हणून बाबांनी पिंजऱ्याची जागा आताच बदलून ठेवली आहे. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावायचा, दुपारी आंघोळीची बशी ठेवायची, पाणी दिवसातून तीनदा बदलायचे, असे आमचे ठरले आहे. माझी परीक्षा आणि राजाची परीक्षा एकाच सुमारास येणार!

यंदाच्या जानेवारीत आजी पुन्हा आली होती. थंडी होतीच. शेगडी अंगणात पेटली, आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो आणि झोपायच्या वेळी ती तेथेच विझवली. आत दोन घोंगड्या जास्त घेतल्या. सकाळी मी आईला विचारले, “डोके दुखते का?” ती म्हणाली, “नाही.” आत राजा गात होता.